तुटक रेघ

कामावर सगळे त्याला पाताळमास्तर म्हणत. जमिनीखालचे पाइप, केबल, जुन्या गटारांच्या भिंती संगणकावर उभ्या करायच्या, हे त्याचं काम. टॅब जमिनीवर रोखला की पडद्यावरची माती काचेसारखी व्हायची आणि खाली निळं पाणी, लाल वीज, पिवळा गॅस, सगळं जागच्या जागी दिसायचं. चमत्कारच म्हणा ना! मास्तर स्वतः मात्र पत्र्याच्या केबिनमध्ये बसायचा. तिची एकुलती एक खिडकी गंजून कधीचीच अडकली होती, दार लावलं की जीव गुदमरायचा.

कागदावर नकाशे काढायचा तेव्हापासून त्याचा एक नेम होता. खड्डा घेऊन डोळ्यांनी पाहिलेली लाइन सलग काढायची. जुन्या कागदावरून, नाहीतर कुणी सांगितलं म्हणून काढलेली, ती तुटक. तुटक रेघ दिसली की ड्रायव्हर मशीन थांबवत आणि मजूर तेवढी जागा फावड्याने हळूहळू उकरत.

महिन्यापूर्वी बडे पाहुणे काम बघायला येणार होते. साहेब म्हणाले, "हे तुटक-तुटक काय दिसतंय? आपल्यालाच खात्री नाही असं वाटतं. सगळं सलग करून टाका." मास्तर तोंडातल्या तोंडात पुटपुटला आणि मुकाट्याने कामाला लागला. पाहुणे गेले की परत पहिल्यासारखं करू, असं त्याने ठरवलं होतं. पण सेव्ह केलं ते जुन्याच फाइलवर. शुद्ध गाढवपणा, दुसरा शब्द नाही. दुसरी प्रत कुठेच नव्हती. चारशे रेघांतल्या कोणत्या पाहिलेल्या आणि कोणत्या ऐकीव, ते त्याचं त्यालाच कळेना. सांगावं तर नोकरी जाणार, आणि या वयात दुसरी कोण देणार? तो गप्प बसला.

त्यात पोकलेनवर दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. मास्तरनेच शब्द टाकून त्यांना इथे लावलं होतं. ताई जिला तिला सांगायची, "मला कसली काळजी? खाली काय आहे ते माझा भाऊ बघतो."

त्या दुपारी खोदाई नव्या कोपऱ्यात सरकली. दाजींनी टॅब पाहिला. पिवळी रेघ चार हात पलीकडे होती, सलग. त्यांनी बकेट खाली घ्यायला सुरुवात केली. मास्तर केबिनच्या दारातून बघत होता. ही एक रेघ त्याला आठवत होती. एका म्हाताऱ्या प्लंबरने नुसतं बोट दाखवून सांगितलेली!

तो धावत सुटला आणि बकेटसमोर जाऊन उभा राहिला.

"अरे मास्तर, मरायचंय का?" दाजींनी मशीन बंद केलं. "लाइन तिकडे आहे. तूच दाखवलीस ना?"

"दाजी, ती मी पाहिलेली नाही. अंदाज आहे नुसता."

मजुरांनी फावड्याने उकरलं. बकेट टेकणार होती तिथेच, वीतभर खाली, पिवळा पाइप निघाला.

दाजी खाली उतरले. आता कानाखाली बसणार, असं मास्तरला वाटलं. पण त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज बारीक केला.

"बरं, अजून अंदाजाच्या कुठल्या कुठल्या आहेत, तेवढ्या मला सांगून ठेव. मी जपून खोदीन. कुणाजवळ बोलणार नाही."

मास्तरने टॅब हातात घेतला. पायाखाली, चारी बाजूंना, सगळ्या रेघा सलग होत्या.

"माहीत नाही, दाजी. महिन्यापूर्वी सगळ्याच सलग करून टाकल्या, आता मलाच कळत नाही."

दाजींनी खांद्यावरचा हात काढून घेतला.

"म्हणजे महिनाभर तू मला आंधळ्यासारखं खोदायला लावलंस?"