दसऱ्याच्या आदल्या दिवशीची सभा

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही — निदान नसाल, अशी आशा आहे.

मी संशयी बाई आहे. नाशिकजवळच्या आमच्या गावात भाजीपाला आणि फुलं पिकवणाऱ्यांची सहकारी संस्था होती, तिची मी सचिव. कोण कॅरेटच्या तळाशी किडके टोमॅटो लपवतो, कोण कुणाशी कुजबुजतो — माझं सगळीकडे लक्ष. मुंबईची एक कंपनी संस्थेचं शीतगृह कायमचं भाड्याने मागायला आली, तेव्हा सगळ्यात आधी नाक मुरडलं ते मीच. ही माणसं नफा बघणार. चार जुड्या मेथी घेऊन येणाऱ्या विमलकाकूंना दारात तरी उभं करतील का? आमचा नियमच होता — सभासदाने एक कॅरेट आणलं तरी परत पाठवायचं नाही.

मग कंपनीच्या साहेबाने मला बाजूला घेऊन विचारलं, शीतगृहाच्या मॅनेजर व्हाल का? त्या दिवसापासून मी त्याच्यावर संशय घेणं सोडलं. इतकं सोपं होतं? — होतं.

निर्णय सभासदांच्या सभेत व्हायचा होता, आणि छोटे सभासद विरोधात जाणार हे उघड होतं. म्हणून मी सभेची तारीख टाकली दसऱ्याच्या आदल्या दिवसाची. त्या दिवशी आमच्याकडे घरातलं म्हातारं माणूससुद्धा झेंडू तोडायला शेतात असतं. सभेला कोण येणार? अध्यक्ष धोंडूभाऊ मी पुढे केलेल्या कागदावर न वाचता सही करायचे.

नोटीस मिळाल्यावर बायका चिडून आल्या, तर मी म्हणाले, भाऊंनी ठरवलंय, माझं काय चालतं? भाऊ म्हणाले, सभा पुढं ढकलू — त्यांना सांगितलं, आता कायद्याने जमत नाही. दोन्ही खोटं. सभेला पुरेशी माणसं नव्हती, म्हणून ती तहकूब झाली आणि अर्ध्या तासाने तिथेच पुन्हा भरली. तहकूब सभेला किती माणसं हवीत, याची अट नसते. अकरा जणांत ठराव मंजूर. कागदात एकही चूक नाही, आजही शोधून बघा.

पहिल्याच महिन्यात विमलकाकूंचं कॅरेट गेटवरून परत गेलं. परत पाठवणारी मीच. तरी त्या म्हणाल्या, "तुझा काय दोष? त्या धोंडूनंच घात केला." त्यांना खरंच ठाऊक नव्हतं — की मला चाचपत होत्या? मला अजून कळलेलं नाही.

गावाने भाऊंकडे जाणं-येणं सोडलं. त्यांच्या मुलीच्या हळदीला मांडव रिकामा होता. मी मात्र गेले — आणि पोटभर जेवले.

यंदा भाऊ आजारी पडले म्हणून मी भेटायला गेले. आता त्यांना मागचं नीट आठवत नाही. माझा हात धरून म्हणाले, "ती तारीख मीच टाकली व्हती का गं? लय इचार केला. आठवत नाय."

मी म्हणाले, "हो भाऊ. तुम्हीच."

त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, विमलकडं घेऊन चल, माफी मागतो.

मी त्यांना धरून घेऊन गेले. काकूंच्या दारात ते हात जोडून उभे राहिले, आणि ते पडू नयेत म्हणून मी त्यांचा दंड धरून ठेवला होता.