महादेवाला वाहिलेली झाडं

माघ वद्य त्रयोदशी, १९५९. अंगणात घोंगडं टाकून मी मिरच्यांचे देठ खुडत होते. दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र, म्हणून हे काम आजच उरकायचं होतं. आमचे हे दौंडला रेल्वेत नोकरीला. शेत, बैल आणि घर माझ्याकडे. गाव शिरूर तालुक्यात, कवठे येमाईच्या वाटेवर.

गुरवीण धावत आली. डोक्यावर पदर नव्हता.

"वैनी, ह्यांना नेलं. जीपमधी घालून शिरूरला नेलं."

"कशापायी?"

"देवळातलं पोतं घावलं."

पोत्यात काय होतं ते मला ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं.

परसात गांजाची दोन-चार झाडं असणं यात तेव्हा कुणाला काही वाटत नसे. जनावराचं पोट बिघडलं की पाला गुळात घालून चारायचा, शिवरात्रीला भांग घोटायची. दारूबंदी आमच्याकडे होतीच. मग गांजा-भांगही बंदीच्या मालात धरली गेली आणि गावात दवंडी पिटली : झाडं उपटा, घरात ठेवाल तर तुरुंग. मी त्याच संध्याकाळी माझी झाडं उपटून न्हाणीच्या चुलीत घातली. जाऊ म्हणाली, "देवाचं जाळलंस गं!" म्हटलं, "देव माझ्यासाठी कोर्टात यायचा न्हाई."

बाकीच्यांना हे जमलं नाही. भांग महादेवाची, ती जाळायची कशी आणि उकिरड्यावर टाकायची कशी? एकेकाने झाडं उपटली, पिंडीवर नेऊन वाहिली आणि हात जोडून घर गाठलं. वाहिलं म्हणजे निर्माल्य झालं, आणि निर्माल्य वाहत्या पाण्यातच सोडायचं ही गुरवाची रीत. माघात आमच्या ओढ्याला वाहतं पाणी कुठलं, नुसती डबकी. त्याने सगळं पोत्यात दाबून भरलं आणि गाभाऱ्याशेजारच्या खोलीत ठेवलं. पावसाळ्यात सोडणार होता. आपण कायदाही पाळला आणि रीतही पाळली, असंच तो समजत होता.

"जमादार म्हनला, माल कुणाचा?" गुरवीण सांगत होती. "हे म्हनले, देवाचा. तर म्हनतो कसा, मग आरोपी महादेवच लिहितो, बापाचं नाव काय घालू ते सांग. कुणी दिला ते इच्यारलं, तर ह्यांचं तोंड उघडंना. वाहिलेल्याला नाव नसतं म्हनले."

गाव खरं सांगेल का, हेच तिला विचारायचं होतं. नवरा तुरुंगात गेला की पूजा जाणार, पूजा गेली की देवळाची जमीन दुसऱ्याकडे जाणार. मिरच्या सुपात भरून मी उठले.

बायका चावडीवर जात नसत. मी गेले. पोलीस पाटील नात्याने माझे मामा.

"मामा, त्या पोत्यात कुणाकुणाची झाडं व्हती?"

"आता कशाला उकरतीस? पोतं त्याच्याकडं घावलं."

"तुमची व्हती का न्हाई?"

मामा तंबाखू मळत राहिले. मागून कुणी तरी म्हणालं, "वैनींनी आपली आधीच जाळली. बोलाया काय जातंय त्यांचं?"

"व्हय, म्हणूनच बोलतीय. तुमच्यातला कुणी बोलला असता तर मी कशाला आले असते हितं?"

खांबाला टेकून एक धनगर आप्पा बसले होते. मेंढरं कधीच विकून शेतीला लागलेले. ते म्हणाले, "माझी व्हती बाई. पण मी एकलाच बोललो तर सगळं पोतं माझ्या गळ्यात."

हे खरं होतं, आणि त्याला उत्तरही होतं.

"म्हणून सगळ्यांनी बोलायचं, आप्पा. पोतंभर माल एकाच्या नावावर लागला तर तो धंदा ठरंल. घरटी दोन झाडं निघाली, तर साहेबाला बी कळंल की ते जनावराचं औषध व्हतं."

"आन् साहेबानं समद्यांनाच आत घातलं म्हंजी?"

"तर गुरवाला सोबत व्हईल."

मामांनी तंबाखू तोंडात टाकली आणि म्हणाले, "उद्याच्या पूजेला शेजारच्या गावचा गुरव सांगितलाय. शिवरात्र काय मोडत न्हाई."

म्हणजे माणूस अजून शिरूरला पोचला असेल-नसेल, आणि गावाने त्याची जागा भरली होती. यापुढे चावडीवर बोलण्यात अर्थ नव्हता. मी तिथून गुरवाच्या घरी गेले आणि गाभाऱ्याची किल्ली मागितली. गुरविणीने कंबरेची काढून दिली.

सकाळी उजाडताच मी बैलगाडी जुंपली, गुरविणीला आत बसवलं, भाकरी बांधून घेतली आणि गाडी देवळासमोर उभी केली. पूजेची ताटं घेऊन लोक आले होते. शेजारच्या गावचा गुरव सोवळं नेसून कुलपाशी उभा होता.

"किल्ली माझ्यापाशी हाय," मी म्हटलं, "आन् ती शिरूरला निघाली. ज्यांना आज पूजा पायजे त्यांनी मागनं या."

मामा ओरडले, "देवाला कोंडतीस व्हय गं?"

"कोंडलंय ते शिरूरला, मामा."

आधी धनगर आप्पा गाडीच्या मागे चढले. ओढा ओलांडला तेव्हा पाठीमागे आणखी गाड्या येत होत्या, मामांची शेवटची. शिरूरला कचेरीसमोर मी बैल सोडले, त्यांच्यापुढे वैरण टाकली आणि आत जाऊन जमादारांना सांगितलं, "झाडं लावणारे बाहेर आलेत. एकेकाला इच्यारा."