एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास

दुपारी जेवून शालन आडवी होते ती झोपायला म्हणून नाही. पाठ टेकावी आणि नलूची वही जरा चाळावी, एवढंच. नलूला जाऊन महिना झाला. वही तिच्या भावाने कालच आणून दिली. डोळा कधी लागतो कळत नाही, आणि नलू खाटेच्या कडेला येऊन बसलेली असते. तीच शाळेतली निळी साडी, बोटं खडूने भरलेली.

"वाचलीस?" नलू विचारते.

वाचायचं काय, कपाळ! नुसते भागाकार. बार्शीच्या शाळेत दोघी गणिताच्या बाई. एक हा आकडा अकरा वेळा ओळीने मांडला की होणारी ती अवाढव्य संख्या मूळ आहे का, म्हणजे तिला दुसऱ्या कशानेच भाग जात नाही ना, हे हाताने तपासायचं खूळ दोघींनी घेतलं. बावीसने भागून एक उरतो तेवढेच मूळ भाजक बघायचे, तरी हजारभर निघाले. पन्नास हजारांखालचे नलूचे, तिथून वर्गमुळापर्यंतचे, म्हणजे लाखाच्या जरा पुढपर्यंतचे, शालनचे. रोज मधल्या सुट्टीत एकेक.

खाटेचं आता शिक्षकखोलीतलं बाक झालंय. खिडकीबाहेर मैदान हवं, तिथे इस्लामपूरचं अंगण आहे. शालनची आई उन्हात पापड राखत बसलीय, एकटीच, रस्त्याकडे डोळे लावून.

दुसऱ्या वर्षी एप्रिलात शालनची तिकडे बदली आली होती. आता सोडलंस तर सगळं पाण्यात जाईल, असं नलूच म्हणाली. शालनने बदली नाकारली. त्याच उन्हाळ्यात आई गेली, घरात कुणी नसताना. पुढे शालनने आपले सगळे भागाकार पुरे केले. तिला भाजक सापडला नाही. नलू म्हणाली, मलाही नाही.

नलू वही उघडते. प्रत्येक भाजकापुढे बाकी लिहिलेली. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासपुढची चौकट मात्र कोरी.

"इथे काय उरलं होतं गं?"

"काहीच उरलं नाही. पूर्ण भाग गेला."

"कधी?"

"दिवाळीच्या सुट्टीनंतर. तुझ्या बदलीच्या आधीची दिवाळी."

म्हणजे बदलीच्या आधी पाच महिने. शालनच्या अंगाचा तिळपापड होतो. एवढ्या मधल्या सुट्ट्या ही बया समोर बसून खोटे आकडे गिरवत होती!

"सांगितलं का नाहीस?"

"तू गेली असतीस. मग मला कोण होतं?"

"आई वाट बघत होती माझी, नलू."

नलू खिडकीकडे बघत नाही. पदराला बोटं पुसत राहते.

जाग येते तेव्हा चार वाजलेत. वही पोटावर उघडी पडलीय. शालन चष्मा लावते आणि लाइटबिलाच्या पाठीवर भागाकार मांडते. हात अजून विसरलेला नाही. पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस. बाकी शून्य.

कोऱ्या चौकटीत ती शून्य लिहिते. तेवढं लिहायचंही नलूला धाडस झालं नव्हतं.

मग उठताना तिला दिसतं. चादरीच्या कडेला, नलू बसली होती तिथे, खडूची चार पांढरी बोटं उमटलीत.  शालन ओलं फडकं आणते आणि ती घासून घासून काढते.