दाऊदने पेटवलेली चिलीम

माझा धाकटा भाऊ दाऊद ठाण्यात माझ्याच गल्लीत राहायचा आणि कल्याणला रेल्वेत सुतार होता. कामावरच त्याला ताप भरला आणि तिथेच तो गेला. त्याच्यासोबतचा मिस्त्री निरोप घेऊन ठाण्याला माझ्या दारात आला, तेव्हा मी तांदूळ निवडत होते. रडू नंतर आलं. आधी मनात आलं, आता हा कुठे गेला असेल?... आणि अंगावर काटा आला. बायको गेल्यापासून हाच प्रश्न तो मला विचारायचा.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. शनिवार आमचा शब्बाथ; त्या दिवशी विस्तव पेटवणं पाप, आमच्या घरात चूलसुद्धा पेटत नाही. दाऊद लहानपणी माझ्याहून भाविक होता. पण पटकीत बायको आणि तान्ही मुलगी एकदम गेल्या, तेव्हापासून त्याची प्रार्थना ओठांपुरती उरली. हे त्याने माझ्याशिवाय कुणाला सांगितलं नाही. तरी मुलगा आरोन शिकण्याजोगा झाला, तसं त्याला आमच्या मशिदीच्या, म्हणजे सिनेगॉगच्या, पडवीत भरणाऱ्या इब्री शाळेत घातलं. "तुझाच विश्वास नाही, मग त्याला कशाला?" मी विचारलं. "बाय, उद्या मी मेलो तर पोराला धरायला काहीतरी हवं ना! माझ्याकडे दुसरं काय आहे?" आरोन घरी पाठ म्हणायला बसला की दाऊदला घाम फुटायचा. मध्येच थांबून मुलाने काही विचारलं तर?

एका शनिवारी दुपारी, आरोन निजलाय असं समजून तो परसात गेला आणि त्याने चिलीम पेटवली. ओढायची हौस नव्हती. काय होतं ते बघायचं होतं... काहीच झालं नाही. कुंपणावर कावळे ओरडत होते, शेजारी कुणी भांडी हलवत होतं. तो वळला, तर दारात आरोन उभा.

दिवेलागणीला पोराचं अंग भाजू लागलं. दाऊद धावत मला बोलवायला आला. आरोन ग्लानीत पुटपुटत होता, "बाबांना काही करू नकोस. चिलीम मी पेटवली." दाऊद भिंतीला टेकून उभा होता. "बाय, वर कुणी नसेल तर हा कुणाशी बोलतोय? आणि असेल तर..." मी कपाळावर ओल्या घड्या ठेवत राहिले. तो सारखा दाराकडे बघत होता, जणू कुणी पोराला न्यायलाच येणार होतं.

ताप उतरला. मशिदीत सगळे म्हणाले, देवाची कृपा. दाऊदनेही मान डोलावली. मग एके दिवशी माझ्यादेखत त्याने आरोनला जवळ बसवलं. "चिलीम मीच पेटवली होती. देव आहे की नाही, मला कळत नाही रे. फार भीती वाटते मला."

मी डोळे मिटून घेतले. आता पोराचं काय होणार?

"मलापण वाटते," आरोन म्हणाला. "मग मी शाळेत जाऊ की नको?"

"जा. पण घरी आलास की मला सगळं विचार. उत्तर नसलं तरी विचार."

शुक्रवारी संध्याकाळी मी शब्बाथचा दिवा लावला की दाऊद यायचा आणि उंबऱ्याजवळच बसायचा. आत ये म्हटलं तरी यायचा नाही. आता आरोन माझ्याकडे असतो. परवा दिवा लावल्यावर तो त्या जागी जाऊन बसला आणि म्हणाला, "आत्या, बाबांवर तिथे कुणी रागावलं असेल का?"

नाही म्हणणार होते...

"मला ठाऊक नाही रे," मी म्हटलं, आणि जाऊन त्याच्याशेजारी उंबऱ्याजवळ बसले.