टेबलावरची टिचकी

मंठ्याला आमच्या दारात मेथी निवडत बसले होते, तेव्हा भाच्याचा, निलेशचा फोन आला. "आत्या, बाबा गेले..." एवढंच बोलला. मी जुडी तशीच टाकून शहागडची गाडी धरली.

दादा माझ्याहून बराच मोठा. हायवेला लागूनच त्याचं घर आणि पुढच्या खोलीत पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान. आमच्या वडिलांचा लग्नकार्यात लाऊडस्पीकर लावायचा धंदा होता. ते गेल्यावर सगळं सामान विकलं, पण काचेच्या व्हॉल्व्हचा जुना ॲम्प्लिफायर दादानं ठेवून घेतला. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आतल्या खोलीत तो चालू करायचा. व्हॉल्व्ह हळूहळू लालसर व्हायचे आणि गाणं असं काही भरून यायचं, की आम्ही बोलणं थांबवायचो. पण रस्त्यावरून ट्रक गेला की जमीन हादरायची, व्हॉल्व्हच्या आतले बारीक भाग थरथरायचे आणि ऐन गाण्यात स्पीकर 'टण्ण' वाजायचा.

ती थरथर घालवायचा दादाला ध्यासच लागला. टेबलाच्या पायांखाली ट्रकच्या ट्यूबचे तुकडे घातले. वहिनींची मोठी परात घेऊन तिच्यात गोदावरीची वाळू भरली आणि वाळूवर फळी टाकून ॲम्प्लिफायर ठेवला. एकेका व्हॉल्व्हला पेन्सिलीनं हलकेच टिचकी मारून स्पीकर किती वाजतो ते पाहायचा. त्यातला एक फारच वाजायचा. "हा लई बोलका हाय," म्हणत त्यानं तो बदलून कापसात गुंडाळून ठेवला. वहिनी म्हणायच्या, "अहो, ट्रक गप झाले असतील तर माझी परात द्या की!" दादा नुसता हसायचा.

मग वहिनींना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. पुढे दादा दुकानात, वहिनी आत खाटेवर. एके दुपारी त्या खाटेवरून घसरल्या. दुकानात मोटार चालू. दादा चहा घेऊन आत गेला तेव्हा त्या फरशीवर पडून होत्या. कधीपासून, कोण जाणे... मला फोनवर म्हणाला, "ती घशातून आवाज काढत असंल गं, अन् मी मोटार ऐकून राह्यलो!" दादाला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

काही दिवसांनी भेटायला गेले तर ॲम्प्लिफायरचं टेबल खाटेला लावून ठेवलेलं, परात रिकामी आणि स्पीकर दुकानात टांगलेला.

"वाळू काढली?" मी विचारलं.

"काढली. अन् तो बोलका व्हॉल्व्ह परत बसवला. पायाखालचं रबर तेवढं ठेवलं. ट्रकचा हादरा खालूनच अडला पाहिजे, मंग तिची टिचकी तेवढी दुकानात ऐकू येईल."

तो दुकानात गेला. वहिनींनी डाव्या हाताच्या बोटानं टेबलावर टिचकी मारली. पलीकडे 'टण्ण' वाजलं आणि दादा ओरडला, "आली! बराबर आली!" आत येऊन त्यानं परात पुसून त्यांच्यापुढे धरली. "घे तुझी परात." वहिनी अर्ध्या चेहऱ्यानं हसल्या आणि डोळ्यांतून पाणी आलं.

पुढे टेबलावर मांजर उडी मारायचं तरी तो हातातलं काम टाकून धावायचा. चिडला मात्र कधी नाही.

गेला त्या सकाळी तो दुकानात खुर्चीवरच होता. आतून वहिनी टिचकी मारत होत्या. एक, मग दुसरी... दादा येईना. स्पीकर वाजतच राहिला, तेव्हा शेजारचा पंक्चरवाला काय झालं म्हणून डोकावला. त्यानंच सगळ्यांना बोलावलं.

दिवसकार्य आटोपल्यावर मी वहिनींजवळ राहिले. निलेशनं त्यांच्या उशाशी बटणाची बेल लावून दिली. काही लागलं तर त्या ती दाबतात. पण सकाळी ॲम्प्लिफायर चालू करायला खुणेनं सांगतात, आम्हीही करतो.

परवा दुकानाची कडी लावायला पुढे गेले. स्पीकरमधून बारीक आवाज येत होता. टिचकी नव्हती ती. सावकाश, पुन्हा पुन्हा घासल्यासारखं काहीतरी... दारातून वाकून पाहिलं. वहिनी डाव्या हातात फडकं घेऊन ॲम्प्लिफायरवरची धूळ पुसत होत्या. एकेका व्हॉल्व्हच्या भोवतीनं, काचेला हात न लावता.

मी त्यांना हाक मारली नाही. फडकं थांबेपर्यंत तिथंच उभी राहिले.