पंचेचाळिसावी पट्टी

माझ्या वहिनीला कारखान्यात सगळे 'पट्टीवाली' म्हणायचे, आणि ते ऐकलं की माझा जळफळाट व्हायचा. दोघी एकाच दिवशी कामाला लागलो होतो, नाव झालं ते तिचं. नणंद म्हटली की भांडकुदळच असणार, असं लोकांना वाटतं. वाटू दे, आहेच मी. पण जे सांगतेय ते खरं सांगतेय.

आमच्या कारखान्यात वाटाणे डब्यात भरतात. डब्यावर मशीनने झाकण बसवायचं, चारशे बारा डबे चाकांच्या एका लोखंडी पिंजऱ्यात रचायचे आणि असे चार पिंजरे एका वेळी मोठ्या कुकरमध्ये ढकलायचे. मोठा म्हणजे आत म्हैस आरामात उभी राहील एवढा. त्या वाफेत शिजला की डबा दोन-दोन वर्षं टिकतो. न शिजलेला डबाही बाहेरून हुबेहूब तसाच दिसतो, आणि खरी गोम तिथंच आहे. पूर्वी शिजलेल्या पिंजऱ्यावर खडूने फुली मारायचे. ती ओल्या हातांनी पुसली जायची, मग शिजलं की नाही यावर वाद.

वहिनीचे वडील कापड रंगवायचे. वाफ लागली की बदलतो असा एक रंग तिला लहानपणापासून ठाऊक होता. त्यात आणखी काहीबाही मिसळून तिने कागदाची पट्टी तयार केली. पांढरी पट्टी पिंजऱ्याला बांधायची, कुकरमधून बाहेर येताना ती काळी झालेली असायची. नऊ महिने आमच्या घरचा कुकर तिने त्या कागदांवर झिजवला. दादा, म्हणजे माझा भाऊ, ताटावर बसला की विचारायचा, "आज काय, कागदाचीच भाजी का?" ती हसायची आणि पुन्हा वही काढून बसायची.

पट्टी मात्र चालली. चार वर्षांत एकही पिंजरा चुकला नाही. मग एका मोठ्या कंपनीने ती बघायला माणसं पाठवायचं ठरवलं. पसंत पडली असती तर त्यांच्या सगळ्या कारखान्यांत वहिनीची पट्टी आणि वहिनी त्यांच्या प्रयोगशाळेत. माणसं गुरुवारी येणार होती. हे घडलं मंगळवारी सकाळी.

मी लेबलं लावायच्या टेबलावर असते. पिंजरा आला की त्याची पट्टी काढून खिळ्याला अडकवायची, मग डब्यांना लेबलं लावायची. आदल्या दिवशीच्या पट्ट्या वहिनी रोज सकाळी मोजते. त्या दिवशी तिने मोजल्या, परत मोजल्या, तिसऱ्यांदा टेबलावर मांडून मोजल्या.

"पंचेचाळीस आहेत," ती म्हणाली.

"मग?"

"काल कुकर अकरा वेळा लागला. अकरा चोक चव्वेचाळीस."

कुकरला एक गोल कागद असतो, त्यावर पेन आपोआप रेघ काढतं. कुकर तापला की रेघ चढते, निवला की उतरते. तिने तो कागद आणून माझ्यासमोर धरला. चढ अकराच होते. म्हणजे एक पिंजरा कुकरमध्ये गेलाच नव्हता, आणि त्याची पट्टी मात्र काळी होती.

तिच्या तोंडाचं पाणी पळालं. कच्चे वाटाणे बंद डब्यात राहिले की आत विष तयार होऊ शकतं, आणि त्याला वास येईलच असं नाही, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. कालचा सगळा माल दारात ट्रकमध्ये चढलेला होता. बारा वाजता तो रुग्णालयांकडे निघणार होता. भिंतीवरच्या घड्याळात सव्वादहा झाले होते.

साहेबांनी ऐकून घेतलं, पण चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "बाई, मोजणीत चूक असेल. पट्टी काळी आहे ना? तुमचीच पट्टी, आणि तुमचाच विश्वास नाही?"

"ट्रक थांबवा, साहेब."

"गुरुवारी पाहुणे येतायत. त्यांना काय सांगू, पट्टीवालीच पट्टीला खोटं म्हणते?"

तरी त्यांनी ट्रकमधले दहा डबे उघडायला लावले. दहाच्या दहा मऊ शिजलेले. "झालं समाधान?" साहेब म्हणाले. बाहेर ड्रायव्हर कागदांवर सही मागत होता.

 वहिनी स्वतःशीच म्हणाली, "कुकर सोडून एवढी उष्णता कुठंय इथं?" आणि तिने मान वर केली.

 तेव्हा मला आठवलं. आदल्या दिवशी दुपारी पाण्याची नळी फुटून फरशीवर पाणीच पाणी झालं होतं. कुकरसमोर थांबलेला एक पिंजरा त्या पाण्यात होता. मी तो ओढून भिंतीला लावला, वाफेच्या पाइपाजवळ. पाऊण तासाने परत आले तर पट्टी काळी. म्हटलं, मधल्या वेळात कुणीतरी शिजवून आणलाय, आणि नेला टेबलाकडे. कुणाला विचारलं नाही की काही नाही.

एवढं सगळं डोक्यात लख्ख झालं आणि माझ्या तोंडाला कुलूप लागलं. पाचावर धारण बसली होती, दुसरं काही नाही. अशा चुकीला सरळ घरी पाठवतात.

वहिनीने खिशातून कोरी पट्टी काढली आणि भिंतीच्या कडेने पाइपाला टेकवत निघाली. पाइपावर जाड वेष्टण आहे, त्यावर पट्टी पांढरीच राहत होती. कोपऱ्यापाशी वीतभर वेष्टण फाटून लोंबत होतं. तिथं तिने पट्टी चिमट्याने धरून ठेवली. आम्ही सगळे बघत उभे. आधी काहीच झालं नाही. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मग पट्टी पिवळट झाली, तपकिरी झाली आणि शेवटी काळीकुट्ट झाली. स्वतःच्या हाताने चार वर्षांचं नाव तिने तिथं जाळलं, आणि हात जरासुद्धा हलला नाही.

साहेबांनी ट्रक थांबवला. पण डोक्याला हात लावून म्हणाले, "अठरा हजार डबे आहेत. सगळे उघडू? की सगळा माल पुरून टाकू?"

"काल कुणाला काही वेगळं जाणवलं का?" वहिनीने विचारलं. सगळ्यांना विचारलं, पण मला वाटलं मलाच विचारतेय.

मी अर्धंच बोलले. "काल काही डब्यांना लेबल चिकटत नव्हतं. घसरत होतं. मी खळवाल्याला शिव्या घातल्या आणि दुप्पट खळ लावली."

वहिनीने माझा दंडच धरला. "झाकणाच्या मशीनचं तेल. कुकरच्या वाफेत ते धुऊन निघतं. ते डबे अजून तेलकट आहेत."

मग माल उतरवला. प्रत्येक डब्याच्या लेबलाखाली अंगठ्याचं नख घालायचं. शिजलेल्या डब्याचं लेबल फाटतं, तेलकट डब्याचं अख्खं सुटून येतं. साहेबसुद्धा बाह्या दुमडून बसले. दुपारचं जेवण कुणी केलं नाही. अंगठे सोलवटले. तीन वाजेपर्यंत अडीचशे मिळाले, पाचला चारशे. मग चारशे अकरावर गाडी अडली, एक कमी. वहिनी तपासलेले डबे पुन्हा पहिल्यापासून तपासायला बसली. मी तिच्या शेजारी बसले. 

शेवटचा मिळाला तो आधी एकदा तपासून बाजूला ठेवलेल्यांतला. तिने तो उघडला. वाटाणे टणक, हिरवेगार, फरशीवर टपटप उड्या मारत गेले. कुणीतरी जोरात श्वास सोडला.

साहेबांनी पेन काढलं. "आता सांगा, पिंजरा पाइपाजवळ लावला कुणी?"

मी खाली बघत होते.

"कुणी का लावेना," वहिनी म्हणाली. "पट्टी चुकली. तसंच लिहा."

त्यांनी तसंच लिहिलं. गुरुवारी पाहुण्यांनी तो कागद वाचला, पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि अर्धा चहा ठेवून निघून गेले. वहिनी संध्याकाळपर्यंत पिंजरे ढकलत होती.

घरी ती भांडी पुसत असताना मला राहवेना. "वहिनी, तो पिंजरा मी लावला होता."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पाइपाशी गेले तेव्हापासून. बाकीच्यांनी तो पाण्यातच राहू दिला असता. डब्यांना गंज चढेल म्हणून एवढं जड धूड ओढून कोरड्यात नेणारी तू एकटीच."

मला रडू आलं आणि वरून रागही आला. "मग बोलली का नाहीस? सगळं गेलं तुझं. प्रयोगशाळा गेली, नाव गेलं. माझ्यासाठी कशाला एवढं?"

तिने ताट फडताळात ठेवलं. "तुझं नाव घेतलं असतं तर त्यांनी तुला काढलं असतं आणि पट्टी तशीच ठेवली असती. पुढच्या वेळी दुसऱ्या कुणी पिंजरा कोरड्यात नेला असता, मग?"

 तीन दिवस मी समजत होते की वहिनीने मला वाचवलं. तिच्या डोक्यात मी नव्हतेच. तिच्या डोक्यात होते ते डबे उघडून खाणारे लोक. मला माझी लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटलं.