खालच्या देवीजवळची जागा

आमच्या घरची देवी टेकडीवरची. तसं म्हटलं तर एक वर आणि एक खाली, कारण त्या दोघी बहिणी. सासूबाई सांगायच्या ती गोष्ट अशी. दोघी बहिणी लांबून चालत आल्या. थोरलीचे पाय दुखले, ती टेकडीखाली बसली आणि धाकटीला म्हणाली, "तू वर जा, पाणी आहे का पाह, असलं तर मले हाक मार." धाकटी वर गेली. वर कुंड होतं, गार वारा होता, चिंचेची सावली होती. ती तिथेच बसली आणि हाक मारायचंच विसरली. थोरली अजून खालीच आहे. म्हणून नैवेद्य आधी खालच्या देवीला, मग वरच्या देवीला, आणि दोघींचे रोडगे एकाच आरातले. रोडगे म्हणजे कणकेचे पदर घालून वळलेले गोळे, गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायचे, वर तूप सोडायचं, सोबत वांग्याची भाजी. मोठ्या सुनेनं खाली बसून भाजायचे आणि लहान सुनेनं टोपलीत घालून वर न्यायचे, ही आमच्या घरची रीत.

आता मोठी सून मी. लहानी, म्हणजे माझी जाऊ, यायच्या आधी वर सासूबाईच जायच्या. मग त्यांना दम लागायला लागला. आता वर जायची पाळी माझी, असं मी मनात धरून बसले, तर त्याच वर्षी दिराचं लग्न झालं.

ही गोष्ट सन सत्तरच्या आसपासची. पौषातल्या एका रविवारी आम्ही नागपूरहून सकाळच्या एसटीनं निघायचो. काटोलच्या पुढे उतरलं की संत्र्यांच्या बागांमधून पायवाट, आणि समोर टेकडी. मी गोवऱ्या रचायची, धुरानं डोळे चोळायची, आणि लहानी टोपली डोक्यावर घेऊन वर जायची. परतताना तिच्या हातात हिरव्यागार बांगड्या असायच्या. वरच्या गुरवाची बायको नैवेद्य आणणाऱ्या सुनेला बांगड्या भरायची. इतवारीच्या बाजारात तशा बांगड्या ढिगानं मिळायच्या हो, पण त्या वरच्या नव्हत्या ना! लहानी आली की हात हलवून म्हणायची, "बाई, काय गार वारा आहे वं वर! तुम्ही असत्या तर बसूनच राहिल्या असत्या." मी राख झटकत म्हणायची, "असेल." परत येताना एसटीत तिच्या बांगड्या वाजायच्या आणि मी खिडकीतून बाहेर बघत बसायची. मला त्या बांगड्यांचा इतका राग यायचा की घरी भांडी घासताना तिला मुद्दाम मोठी पातेली द्यायची. खोटं कशाला सांगू?

मग एका वर्षी लहानीला सातवा महिना लागला. सासूबाई म्हणाल्या, "या साली लहानीला चढायचं नाही. मोठे, तू जाशील वर."

मी तोंडावर काळजी आणली. "अरेरे," म्हणाले. आणि रात्रभर झोपले नाही.

खालच्या देवीला नैवेद्य दाखवला, उरलेले रोडगे भाजायला लहानीला बसवलं, टोपली उचलली आणि जवळजवळ पळतच चढले. वाटेत एका माकडानं नारळ हिसकावला, तरी मला हसूच येत होतं. वर पोचले. वारा होता, कुंड होतं, देवीचे चांदीचे डोळे होते. हात जोडले, पण गुरवाची बायको पहिलाच प्रश्न काय विचारते? "लहानी काहून नाही आली वं?" सांगितलं, तर बाई कौतुकानं नाचायचीच बाकी राहिली. "गोड पोरगी आहे हो!" मग तिनं माझा हात धरला. कणीक तिंबून तिंबून माझे पंजे रुंद झालेले. तिच्याजवळच्या बांगड्या सगळ्या लहानीच्या मापाच्या. तेल लावून दाबल्या, दोन चढल्या, दोन फुटल्या.

"राहू द्या," मी म्हणाले, आणि कठड्याशी जाऊन खाली बघितलं.

खाली आपल्या आराचा धूर दिसत होता. पोत्यावर सासूबाई बसलेल्या, निळ्या लुगड्यावरून ओळखल्या. शेजारी लहानी. सासूबाईंचा हात तिच्या पाठीवरून फिरत होता, आणि दोघी हसून हसून वाकत होत्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. घरात सासूबाई कधी माझ्याशी दोन शब्दांवर तिसरा बोलायच्या नाहीत. पण वर्षातून एकदा, या पोत्यावर, रोडगे भाजेपर्यंत त्या माझ्याशी बोलायच्या. नवी नवरी असताना रुसून माहेरी निघाल्या आणि रस्ता चुकून परत सासरच्याच दारात आल्या, ते त्यांनी मला तिथेच सांगितलं होतं. मला वाटलं होतं, ते फक्त मलाच ठाऊक आहे.

मी प्रसाद घेतला आणि उतरले. चढतानाही इतकी घाई केली नव्हती.

"एवढ्यात आली?" सासूबाई म्हणाल्या.

लहानी डोळे पुसत होती, हसून हसून. "बाई, आई रस्ता चुकल्या होत्या म्हणे! तुम्हाले माहीत आहे?"

"माहीत आहे," मी म्हणाले आणि तिच्या हातातली काडी घेतली. "सरक वं. करपवशील सगळे."

करपत काहीच नव्हतं. तिनं छान भाजले होते.

पुढच्या वर्षी पोरगं नऊ-दहा महिन्यांचं मांडीवर. निघायच्या आदल्या दिवशी लहानी हळूच म्हणाली, "बाई, या साली बी तुम्हीच जा ना वर. मी बसते खाली आईजवळ."

"पोराले मी पाहतो," सासूबाई म्हणाल्या. "मोठे, जाशील का? तुह्या मनात असते न वर जायचं."

दोघी माझ्याकडे बघत होत्या. लहानीचा चेहरा असा आशेनं भरलेला, की मला क्षणभर तिची दयाच आली. क्षणभरच.

"मी गेले असते हो," मी म्हणाले, "पण माझे गुडघे दुखतात."

तीस वर्षांची होते मी तेव्हा.